वाटाण्याएवढं मलम: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

साहित्य

चेहरा एक, शक्यतो स्वतःचा. आरसा एक, साधा. मोठं करून दाखवणारा आरसा घरात असेल तर कृती पूर्ण होईपर्यंत तो माळ्यावर टाकावा. मलमाची ट्यूब एक, पंधरा ग्रॅमची. टॉवेल आणि उशीचा अभ्रा, दोन्ही पांढरे. कारण पुढे येईल. हिरवा वाटाणा एक, फक्त मापासाठी. आणि बारा आठवडे. बारा नसतील तर दोन चालतील का, असं नवशिके हमखास विचारतात, विशेषतः घरात लग्न निघालं असलं की. चालणार नाहीत. लग्न पुढे ढकलावं.

पायरी पहिली: मुरूम म्हणजे काय, हे एकदाचं समजून घेणे

ही पायरी सगळेच गाळतात, म्हणून ती पहिली ठेवली आहे.

सुश्रुताने मुरुमांना मुखदूषिका म्हटलं आणि त्यांची तुलना शाल्मलीच्या, म्हणजे आपल्या काटेसावरीच्या, काट्यांशी केली. उपाय म्हणून वेखंड, लोध्र, सैंधव आणि मोहरी यांचा लेप सांगितला. लेपाचं सोडा, पण ज्याने काटेसावरीचं खोड जवळून पाहिलं आहे त्याला पटेल, की या वैद्याने निदान रुग्णाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं होतं. हल्लीच्या बऱ्याच सल्लागारांबद्दल एवढंही म्हणता येत नाही.

पुढे बऱ्याच शतकांनी जे कळलं ते थोडक्यात असं. चेहऱ्यावरच्या बारीक लवेच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. वयात येताना संप्रेरकं तिला चेव आणतात आणि ती गरजेपेक्षा जास्त तेल गाळू लागते. त्याच सुमारास त्या छिद्राच्या आतल्या मेलेल्या पेशी सुट्या होऊन बाहेर पडायच्या, त्या एकमेकींना चिकटून बसतात आणि छिद्राचं तोंड बुजतं. आत कोंडलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्निस नावाचा जिवाणू पोसला जातो. हा जिवाणू नितळ चेहऱ्याच्या मंडळींकडेही असतो, त्यामुळे त्याचं नाव काढून कोणी आपल्या स्वच्छतेवर घसरलं तर ऐकून घेऊ नये. शेवटी शरीर या सगळ्यावर चिडतं: लाली, सूज, ठणका, पू.

तेल, बूच, जिवाणू, सूज. एवढे चार शब्द तळहातावर लिहून ठेवावेत. पुढे प्रत्येक मलमाला आपण एकच प्रश्न विचारणार आहोत: बाबा रे, या चारांपैकी तू नेमकं कशाचं काय करतोस? ‘मी त्वचेला आतून उजळवतो’ असं उत्तर आलं तर ट्यूब होती तिथे परत ठेवावी.

आणखी दोन गोष्टी इथेच उरकून घेऊ. नाकावरचे काळे ठिपके हा मळ नसतो. उघड्या तोंडाच्या छिद्रातल्या बुचाचा वरचा भाग त्यातल्या मेलॅनिनमुळे आणि हवेशी संबंध आल्याने काळा दिसतो. अक्रोडाच्या टरफलांची पूड घालून तो कितीही घासला तरी बूच हलत नाही, फक्त भोवतालची कातडी सोलवटते. आणि आज दिसणारा मुरूम आजचा नसतो. डोळ्यांना न दिसणारं बूच कित्येक आठवडे आधीच बसलेलं असतं, म्हणून परवाच्या मिसळीवर खापर फोडण्यात फारसा अर्थ नाही. मलमसुद्धा याच कारणाने दिसणाऱ्या मुरुमावर टिकलीसारखं टेकवायचं नसतं. मुरुमं जिथे जिथे येतात तो सगळा भाग धरायचा असतो, कारण पुढच्या महिन्यातली मुरुमं तिथे आत्ताच मुक्कामाला आलेली असतात.

पायरी दुसरी: निवड समिती बरखास्त करणे

मराठी घरात चेहऱ्याला काय लावायचं हे ठरवण्याचा अधिकार चेहऱ्याच्या मालकाकडे कधीच नसतो. त्यासाठी समिती असते. अध्यक्ष आजी, सचिव आई, तज्ज्ञ सदस्य शेजारच्या काकू, आणि खास निमंत्रित म्हणून सणासुदीला येणारी आत्या. आत्या चप्पल काढता काढताच म्हणते, “अगं बाई, केवढे गं फोड आलेत! काही लावत नाहीस का?” ज्या मुलीला हे विचारलं जातं तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी समितीच्याच ठरावानुसार तीन थर वाळत असतात.

समितीचा सर्वात जुना ठराव म्हणजे लिंबू. याला घरगुती म्हणतात म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. लिंबाचा रस चांगलाच आम्लधर्मी, आणि आपल्या कागदी लिंबात फ्युरानोकुमरिन नावाची द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखा चट्टा उठतो आणि मागे काळा डाग ठेवून जातो. म्हणजे मुरुमाचा डाग घालवायला निघालेला माणूस लिंबाचा डाग घेऊन घरी येतो. लिंबू सरबतात आणि पोह्यांवर पिळावं.

टूथपेस्टचा ठराव कॉलेजच्या होस्टेलमधून येतो. दात घासण्यासाठी त्यात फेस येणारी द्रव्यं आणि पुदिन्याचा अर्क घातलेला असतो. कातडीला दोन्ही झोंबतात. मुरूम वाळला असं जे वाटतं ते कातडी भाजून सुकल्यामुळे. डाळीचं पीठ, मुलतानी माती आणि उटणं यांच्याशी आपलं भांडण नाही. ती वरचं तेल टिपतात, वास छान येतो, दिवाळीच्या पहाटे त्यांना पर्याय नाही. पण आतल्या बुचापर्यंत ती पोचत नाहीत. चंदनाचंही तेच. खोबरेलाबाबत मात्र समितीशी दोन हात करावे लागतील. रात्री डोकं चपचपीत करून झोपलं की कपाळावर केसांच्या कडेकडेने बारीक पुरळ उठतं. पोमेड अ‍ॅक्ने म्हणून त्वचारोगतज्ज्ञ ते ओळखतात. आजीला हे सांगून पाहावं. आजी म्हणेल, आम्ही जन्मभर लावलं. यावर वाद घालू नये. तेल धुण्याच्या दोन तास आधी लावावं आणि विषय बदलावा.

समितीचा शेवटचा आणि एकमताने मंजूर झालेला ठराव: “लग्न झालं की जातील आपोआप.” त्वचारोगतज्ज्ञांच्या बाहेरच्या बाकांवर तिशी ओलांडलेल्या, मंगळसूत्र घातलेल्या अनेक स्त्रिया बसलेल्या असतात. हा ठराव त्यांना वाचून दाखवावा.

पायरी तिसरी: मेडिकलमध्ये जाऊन रिकाम्या हाताने परत येणे

या मार्गदर्शिकेतली कोणाला एकच पायरी वाचायची असेल तर त्याने ही वाचावी.

“काका, पिंपल्सवर काहीतरी द्या ना.”

काका मोबाइलमधून डोकं वर न काढता मागच्या खणात हात घालतात. “हे ने. सगळे हेच नेतात. तीन दिवसांत फरक.”

फरक पडतो. तीन दिवसांतच पडतो. लाली जाते, सूज बसते, रंगही उजळल्यासारखा दिसतो. आत्या फोनवर सांगते, बघ, मी म्हणत नव्हते? ट्यूब संपते, दुसरी येते. ट्यूबवर बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असं काहीतरी लिहिलेलं असतं. ही स्टिरॉइडं. इसब किंवा सोरायसिसवर, ठरावीक जागी, ठरावीक दिवस, डॉक्टरांच्या हाताखाली ती मोलाची औषधं आहेत. चेहऱ्यावर महिनोन् महिने लावली तर कातडी पातळ होते, तांबड्या बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, गालावर लव वाढते, आणि ज्यासाठी लावली ती मुरुमंच दाणेदार होऊन उगवतात. लावणं थांबवलं की चेहरा पेटतो, म्हणून माणूस पुन्हा लावतो. भारतात हा प्रकार इतका पसरला, की आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला स्वतंत्र नाव दिलं: टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस. मार्च २०१८मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइडं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशी अधिसूचना काढली. काकांपर्यंत ती पोचली आहे की नाही, हे प्रत्येकाने आपापल्या नाक्यावर तपासावं.

यातला एक प्रकार फार फिरतो. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड एकत्र असलेलं मलम. मुळात १९७५मध्ये फिलाडेल्फियातले त्वचारोगतज्ज्ञ आल्बर्ट क्लिगमन आणि त्यांचे एक सहकारी यांनी चेहऱ्यावरच्या काळ्या डागांसाठी सुचवलेलं हे मिश्रण. आपल्याकडे त्यात मोमेटासोन घातलं गेलं आणि ते गोरं होण्याचं मलम म्हणून गल्लोगल्ली पोचलं. क्लिगमन हे नाव लक्षात ठेवावं. या विषयात कुठेही खणलं तरी ते निघतं.

तर नियम असा: जे मलम तीन दिवसांत गुण देतं ते परत करावं. आपण ज्यांच्या शोधात आहोत ती मलमं पहिल्या तीन दिवसांत एकतर काहीच करत नाहीत किंवा चेहरा आणखी बिघडवतात. नवशिक्यांना हे उलटं वाटतं, आणि सगळा बाजार याच उलट्या वाटण्यावर उभा आहे.

पायरी चौथी: खऱ्या मंडळींची ओळख

बेन्झॉइल पेरॉक्साइड. आधी वधूवरांसारखी माहिती: वय बरंच, उत्पन्न साधारण, सवयी खर्चिक. काम जिवाणू मारण्याचं. कातडीत शिरून ते ऑक्सिजनचे आक्रमक कण सोडतं, आणि कमी हवेत सुखाने राहणाऱ्या त्या जिवाणूला ते सोसत नाहीत. प्रतिजैविकांना जिवाणू सरावतात, याला सरावल्याचं आजवर दिसलेलं नाही. बूचही थोडं ढिलं करतं. चारातली दोन कामं, स्वस्तात.

दुकानात ते २.५, ५ आणि १० टक्क्यांत मिळतं, आणि इथेच नवशिक्या पहिल्यांदा घसरतो. घ्यायचंच तर दहा घेऊ, असा मध्यमवर्गीय हिशेब तो करतो. १९८६मध्ये हे तिन्ही शेजारी ठेवून पाहण्यात आले. सुजलेली मुरुमं अडीच टक्क्यांनी जेवढी कमी झाली तेवढीच पाच आणि दहानेही झाली. दहा टक्क्यांनी जळजळ मात्र जास्त केली. संशोधकांत अर्थातच क्लिगमन होते. म्हणून अडीच टक्के घ्यावं आणि दुकानदाराने “स्ट्राँग देऊ का?” विचारलं तर नाही म्हणावं. फारच झोंबलं तर लावून पाच-दहा मिनिटांत धुऊन टाकण्याची पद्धतही आहे.

आता सवयी. हे द्रव्य मैदा पांढरा करायलाही वापरत आले आहेत, यावरून काय ते समजावं. निळा टॉवेल, मरून अभ्रा, आईची नारायणपेठ, जिथे जिथे तोंड टेकेल तिथे तिथे पांढुरके डाग, आणि ते कुठल्याही साबणाने निघत नाहीत, कारण ते डाग नसून उडालेला रंग आहे. पांढऱ्या टॉवेलचं कारण हेच. शिवाय ही ट्यूब गार जागी ठेवावी. उष्णतेने यातून बेन्झिन तयार होऊ शकतं. २०२४मध्ये अमेरिकेत यावरून गहजब झाला आणि २०२५मध्ये तिथल्या एफडीएच्या तपासणीनंतर मोजकीच उत्पादनं बाजारातून मागे घेतली गेली. घाबरण्याचं कारण नाही, पण चंद्रपूरच्या मे महिन्यात ती गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवण्याचंही नाही.

रेटिनॉइड. हे जीवनसत्त्व अ चे नातेवाईक. काम बुचाचं: पेशी चिकटून बसूच नयेत अशी व्यवस्था करणं. म्हणजे मुरूम यायच्या आधीच त्याचा बंदोबस्त. सूजही कमी करतात. ट्रेटिनॉइन हा थोरला, १९७१मध्ये अमेरिकेत मंजूर झाला. अ‍ॅडापलीन धाकटा, १९९६चा, स्वभावाने सौम्य, उजेडात किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या शेजारी ठेवला तरी न बिघडणारा. थोरल्याचं तसं नाही, म्हणून जुना शिरस्ता असा की पेरॉक्साइड सकाळी आणि ट्रेटिनॉइन रात्री. २०१६पासून ०.१ टक्के अ‍ॅडापलीन अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळतं. त्यामुळे न्यू जर्सीच्या भाच्याला “येताना एक ट्यूब आण” असं सांगण्याची पद्धत पडली आहे. आपल्याकडे ही दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधं आहेत आणि चिठ्ठी लिहून घेणं हे भाच्याला मस्का लावण्यापेक्षा सोपं आहे.

ट्रेटिनॉइनचा इतिहास मात्र सोपा नाही, आणि विनोदी मार्गदर्शिकेतही तो गाळू नये. ते मुरुमांवर चालतं हे दाखवलं क्लिगमन यांनीच, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, साठच्या दशकात. त्यांच्या बऱ्याच चाचण्या फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर झाल्या, त्यांत कृष्णवर्णीय माणसं मोठ्या संख्येने होती. थोडे पैसे मिळायचे, काय लावलं जातंय हे धडपणे सांगितलं जायचं नाही. हे प्रयोग १९७४मध्ये बंद झाले. शहराने माफी मागितली ती २०२२मध्ये. आपल्या ट्यूबच्या खोक्यात घडी घालून ठेवलेल्या माहितीपत्रकात यातलं काही नसतं.

कृतीकडे वळू. रेटिनॉइड सुरू केल्यावर पहिले काही आठवडे चेहरा कोरडा पडतो, पापुद्रे निघतात आणि आत दबा धरून बसलेली मुरुमं एकदम वर येतात. नेमकी याच आठवड्यांत आत्या येते. ती म्हणणार, “हे काय लावतेस? बंद कर आधी!” आणि दहातले कितीतरी जण इथेच बंद करतात, ट्यूब कपाटात टाकतात आणि “मला ते सूट होत नाही” असं आयुष्यभर सांगत फिरतात. बंद करू नये. एक रात्र आड लावावं, वर साधं मॉइश्चरायझर लावावं, सकाळी सनस्क्रीन लावावं आणि आत्याला चहा द्यावा. फक्त गर्भवती असलेल्या किंवा तसा विचार असलेल्या स्त्रीने रेटिनॉइडच्या वाटेला जाऊ नये.

अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड. माझा थोडा पक्षपात या उमेदवाराकडे आहे, कारण हे आपल्या कातडीच्या खऱ्या तक्रारीवर बोट ठेवतं. आपल्याकडे मुरूम आठवड्यात जातो, त्याचा काळा डाग सहा महिने राहतो. गोऱ्या कातडीच्या देशांत लिहिलेल्या मार्गदर्शिका मुरुमापाशी थांबतात. आपली खरी गोष्ट तिथून सुरू होते. हे आम्ल गहू, राय, जव या धान्यांत असतं. पाठीवर-छातीवर जे फिकट चट्टे उठतात, ज्यांना आपण शिबं म्हणतो, ते फिकट का पडतात हे शोधताना सत्तरच्या दशकात रोममधल्या संशोधकांना याचा माग लागला. शिबं पाडणारी बुरशी हे आम्ल बनवते आणि ते रंग तयार करणाऱ्या विकराला अडवतं. पुढे ध्यानात आलं की ते जिवाणू, बूच आणि सूज यांवरही काम करतं. १५ किंवा २० टक्क्यांत मिळतं. सुरुवातीला मुंग्या चावल्यासारखं वाटतं, पण गरोदरपणातही चालतं. हळू आहे. इतकं हळू की लावणाऱ्याला फरक कळत नाही, जुना फोटो पाहिल्यावर कळतो.

सॅलिसिलिक अ‍ॅसिड सगळ्यांना माहीत असतं, कारण फेसवॉशच्या जाहिरातीत तेच असतं. तेलात विरघळतं, म्हणून छिद्रात उतरतं आणि बूच थोडं सैल करतं. २ टक्क्यांपर्यंत. काळे-पांढरे ठिपके एवढीच तक्रार असेल तर ठीक. वीस सेकंद तोंडावर राहून मोरीत वाहून जाणाऱ्या फेसवॉशमधून ते किती काम करणार, हा प्रश्न मोरीला विचारावा.

क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक. एकटं लावू नये. एकटं लावलं की जिवाणू त्याला सरावतात आणि मग ते तुमच्यावरही चालत नाही, शेजाऱ्यावरही चालत नाही. बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या जोडीने द्यायचं असतं. तरीही एकट्या क्लिंडामायसिनच्या ट्यूबा खपत राहतात, कारण त्या झोंबत नाहीत. न झोंबणारं औषध आपल्याला नेहमीच सज्जन वाटतं.

राहिलेल्यांना भराभर भेटू. नायसिनमाइड: ४ टक्के जेल १ टक्के क्लिंडामायसिनच्या तोडीचं निघालं असा १९९५चा एक अभ्यास आहे, निरुपद्रवी, सूज थोडी कमी करतं, प्रत्येक सीरमात असतं, एकट्याच्या भरवशावर राहू नये. टी ट्री ऑइल: ऑस्ट्रेलियात १९९०मध्ये ५ टक्क्यांचं जेल ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइडसमोर उभं केलं, दोघांनी काम केलं, याने उशिरा. बाटलीतलं निव्वळ तेल मात्र थेट लावू नये. डॅपसोन: कुष्ठरोगावरचं जुनं औषध, जेलच्या रूपात मुरुमांवर आलं, बेन्झॉइल पेरॉक्साइडबरोबर लावलं तर चेहरा तात्पुरता पिवळा-नारिंगी होऊ शकतो, हळदीच्या दिवशी खपून जाईल, एरवी नाही. क्लास्कोटेरोन: २०२०मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं, तेलग्रंथीवरचा संप्रेरकांचा परिणामच रोखणारं पहिलं मलम. तेल या पहिल्या शब्दापर्यंत बाहेरून पोचायला माणसाला इतकी वर्षं लागली.

अमेरिकेच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२४मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. लावायच्या औषधांत ठाम शिफारस मिळाली ती बेन्झॉइल पेरॉक्साइडला, रेटिनॉइडला, आणि एकटं न सोडता दिलेल्या प्रतिजैविकाला. अ‍ॅझेलेइक, सॅलिसिलिक आणि क्लास्कोटेरोन यांना सशर्त. म्हणजे एवढा मोठा बाजार, एवढी सीरमं, एवढ्या काचेच्या ड्रॉपरच्या बाटल्या, आणि पहिल्या बाकावर बसलेत ते पन्नास वर्षांपूर्वीचेच दोघे-तिघे.

पायरी पाचवी: बारीक अक्षरं वाचणे

औषधाच्या ट्यूबवर घटक आणि त्याची टक्केवारी लिहावीच लागते. चिठ्ठीचं औषध असेल तर लेबलच्या डाव्या कडेला लाल रेघ असते. सौंदर्यप्रसाधनावर मात्र नुसती यादी असते, जास्त ते आधी या क्रमाने. त्यात एक पळवाट आहे: एक टक्का आणि त्याखालचे घटक कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. ओळखायची युक्ती सांगतो. यादीत फिनॉक्सीइथेनॉल शोधावं. हे टिकवण्यासाठी घालतात आणि सहसा एक टक्क्यावर घालत नाहीत. ज्या घटकाचं नाव खोक्यावर पानाफुलांच्या चित्रासह मोठ्या अक्षरांत आहे तो यादीत फिनॉक्सीइथेनॉलनंतर आला, तर चित्राचेच पैसे आपण देतो आहोत.

‘नॉन-कॉमेडोजेनिक’ हा शिक्का पाहून निर्धास्त होऊ नये. त्याला कायद्याने ठरवलेली सर्वमान्य कसोटी नाही. अशा तपासण्यांची सुरुवात सशाच्या कानाच्या आत द्रव्य लावून बूच धरतं का हे पाहण्यापासून झाली. ती पद्धत रुळवणारे कोण, हे आता सांगायला नको. सशाचा कान माणसाच्या गालापेक्षा बराच हळवा असतो, त्यामुळे अशा तपासण्यांतून दोषी ठरलेल्यांमध्ये काही निर्दोष आहेत आणि उलटही.

‘डर्मॅटॉलॉजिस्ट टेस्टेड’ म्हणजे तपासलं. निकाल काय लागला, ते लिहिलेलं नसतं.

पायरी सहावी: लावणे

साध्या, फार फेस न होणाऱ्या क्लीन्झरने दिवसातून दोनदा तोंड धुवावं. अंगाचा साबण क्षारधर्मी असतो, चेहरा ओढल्यासारखा होतो. तो चेहऱ्याला लावू नये. चेहरा कोरडा होऊ द्यावा. साहित्यातला वाटाणा समोर ठेवावा आणि तेवढंच मलम बोटावर घ्यावं. कपाळ, दोन गाल, हनुवटी यांवर ठिपके देऊन पसरावं. डोळ्यांच्या, ओठांच्या आणि नाकपुड्यांच्या कडा सोडाव्यात. एवढंसं पुरेल का, अशी शंका येईल. पुरतं. दोन वाटाणे घेतल्याने निम्म्या दिवसांत गुण येत नाही, दुप्पट सालपटं निघतात.

एका वेळी एकच नवीन औषध सुरू करावं. एकाच सोमवारी सात बाटल्या उघडल्या आणि गुरुवारी गाल पेटला, तर चौकशी कोणाची करणार? फोटो रोज काढू नये. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, त्याच वेळी काढावा. मुरूम फोडू नये हे सांगूनही कोणी ऐकत नाही, तरी नोंदीसाठी लिहून ठेवतो.

आणि काही चेहऱ्यांनी ही मार्गदर्शिका मिटून सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं: खोल, दुखऱ्या गाठी होत असतील, खड्डे पडू लागले असतील, पाळी अनियमित असून हनुवटीवर लव वाढत असेल, कपाळ-छातीवर एकसारखं, खाजणारं बारीक पुरळ असेल, कारण ते बऱ्याचदा मुरुमं नसून बुरशीचं काम असतं. तिथे मलमाची ट्यूब बदलत बसण्यात फक्त खड्डे वाढतात. पोटात घ्यायचं आयसोट्रेटिनॉइन हे औषध अशा वेळी फार कामाचं ठरतं, पण गर्भाला ते अत्यंत घातक आहे. ते मैत्रिणीच्या पाकिटातून घ्यायचं नसतं.

गुण आल्यावर

बारा-सोळा आठवड्यांनी चेहरा निवळला की नवशिक्या ट्यूब फेकतो. फेकू नये. बूच धरण्याची सवय चेहऱ्याने सोडलेली नसते, त्यामुळे डॉक्टर बहुधा रेटिनॉइड पुढेही काही महिने चालू ठेवायला सांगतात. उरलेली ट्यूब भावाला देऊ नये, वहिनीला तर मुळीच देऊ नये, विशेषतः ती बाळाचा विचार करत असेल तर.

नंतर एखाद्या मुंजीत किंवा साखरपुड्यात कोणीतरी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवेल आणि विचारेल, “काय गं लावलंस?” खरं उत्तर द्यावं: सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड अडीच टक्के, रात्री अ‍ॅडापलीन, साडेतीन महिने. विचारणारी बाई दोन क्षण ऐकून घेईल, मग शेजारच्या खुर्चीतल्या बाईकडे वळून म्हणेल, “सांगत नाही हो ही. चंदन असणार.”